मुदीवाचून माप

'बुश' हा शब्द आमच्या वऱ्हाडातील शेतकऱ्यास नवा नाही. विहिरीवरील पंप खडखडू लागला किंवा ट्रॅक्टरचे चाक डुलू लागले, की 'बुश गेला' हे निदान गावातले शाळकरी पोरही करते. फिरणारा दांडा ज्या कड्यात फिरतो ते कडे म्हणजे बुश. दांडा झिजू नये म्हणून आपण झिजावे, एवढाच त्या बापड्याचा धर्म. परंतु लेथवर लेखण्या कातणाऱ्या लोकांच्या परिभाषेत हाच शब्द अगदी निराळ्या वस्तूस लावतात. तेथे बुश काही पेलीत नाही की झेलीत नाही. तो केवळ माप दाखवितो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा बुश होय. किंबहुना त्याच्यावाचून काम कसे चालवावे, हा होय.

लेखणी कातण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत पुष्कळ फैलावला असून त्याचे साहित्य आता आपल्याकडेही टपालाने घरपोच येते. त्याची रीत थोडक्यात अशी. पाऊण इंच जाडीचा लाकडाचा चौकोनी तुकडा घ्यावा, त्यास लांबीच्या दिशेने सात मिलिमीटरचे भोक पाडावे, त्यात पितळेची पातळ नळी चिकटवावी आणि ती नळी एका सडपातळ पोलादी दांड्यावर ओवावी. नळीच्या दोहों बाजूंस दांड्यावर एकेक लोखंडी कडे असते, तेच बुश. लेखणीच्या टोकाशी व डोक्याशी धातूचे जे भाग पुढे बसावयाचे असतात, त्यांच्या व्यासाएवढाच ह्या कड्यांचा व्यास कारखान्यातून ठरून आलेला असतो. मग कातणाऱ्याने एवढेच करावयाचे, की लाकूड उतरत उतरत कड्यांच्या पातळीस आले म्हणजे थांबावयाचे. मोजणे नाही, विचार नाही; पटाशी कड्यास टेकली की काम संपले.

ही युक्ती तुच्छ मानण्यासारखी मुळीच नाही. ज्याने जन्मात कधी पटाशी हाती धरली नाही, अशा मनुष्याच्या हातून दोन-तीन तासांत लिहिती लेखणी निर्माण व्हावी हे सामान्य कर्तृत्व नव्हे. तथापि ज्या कामासाठी आम्ही लेथपाशी गेलो, त्या कामी ती युक्ती कुचकामी होती. आणि ते काम छंदाचे नव्हते.

आमच्या वडिलांचे वय चौऱ्याऐंशी आहे. सारे दुसरबीड त्यांस 'गुरुजी' म्हणून ओळखते. प्राथमिक शाळेतून ते निवृत्त झाले त्यास पंचवीसांहून अधिक वर्षे लोटली. परंतु त्याही पूर्वीपासून, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, ते एक टिपणवही लिहीत आले आहेत. पहिला पाऊस कोणत्या दिवशी पडला, कपाशीस काय भाव आला, पुढे कपाशी जाऊन सोयाबीन कोणाच्या शेतात आधी आले, कोणाच्या घरी पाळणा हलला आणि कोणाच्या घरून तिरडी निघाली, हे सर्व तीत दोन-चार ओळींत नोंदलेले असते. बांधाच्या भांडणात किंवा एखाद्याच्या वयाविषयी वाद पडल्यास लोक ह्या वह्या पाहावयास येतात, आणि गुरुजींच्या वहीत आहे म्हटल्यावर बहुधा वाद मिटतो. संधिवाताने त्यांची बोटे आखडत चालली तेव्हा त्यांनी तक्रार अशी केली नाही. आम्हांस ती वहीने सांगितली. अक्षर आधी वाकडे झाले नाही. ते आधी तुटक झाले, मग चार ओळींच्या दोन झाल्या, मग केवळ तारीख आणि एखादा शब्द. आणि मागल्या श्रावणात तर ओळीने सतरा पाने कोरी निघाली. त्या सतरा दिवसांत गावात काहीच घडले नाही असे कोण म्हणेल?

वैद्यांचे म्हणणे असे, की लेखणी जाड असावी. म्हणजे बोटांस ती आवळून धरावी लागत नाही. घरातल्यांनी बॉलपेनास चिंध्या गुंडाळून ते जाड करून दिले. अण्णांनी ते दोन दिवस वापरले आणि 'ही मलमपट्टी केलेली लेखणी आहे, ती बरी झाली म्हणजे द्या,' असे म्हणून परत केले. बाजारात जाड लेखण्या मिळतात. पण त्या रबराच्या फुगीर मुठीच्या, हलक्या आणि घामट असतात. आयुष्यभर सुवाच्य अक्षराचा आग्रह धरलेल्या मनुष्यास त्यांचा तिटकारा यावा हे स्वाभाविक होते.

येथे थोडे मागे जाणे अवश्य आहे. अण्णा पहिली अक्षरे शिकले ती बोरूने. ओढ्याकाठच्या बोरूच्या कांड्या तोडून आणावयाच्या, वाळवावयाच्या, चाकूने टोक तिरपे तासावयाचे आणि मध्ये बारीक चीर द्यावयाची, हे शिक्षण धुळाक्षरांच्या पाठोपाठच मिळत असे. कोणाचा बोरू करंगळीएवढा, तर कोणाचा अंगठ्याएवढा. ज्याच्या मुठीस जी कांडी मानवेल ती त्याने निवडावी. मोडी लिहिणारे कारकून तर आपला बोरू दुसऱ्याच्या हाती देत नसत असे म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. कारण तासलेले टोक हे मनगटाच्या वळणाशी जुळलेले असे. पुढे टाक आला, टाकामागून झरणी आली. ती आली त्या काळात आपल्याकडे तिच्यापुरता उद्योगही उभा राहिला. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी सुरू केलेला शाईचा धंदा पुढे 'कॅमल' ह्या नावाने घरोघर पोचला, आणि अण्णांच्या शाळेतल्या दौतीही त्याच शाईने भरल्या जात. शेवटी बॉलपेन आले. बीरो नामक हंगेरियन गृहस्थाने १९३८ साली त्याचे पेटंट घेतले खरे. परंतु आमच्या शाळेत ते शिरू लागले तेव्हा अण्णांनी त्यास वर्गाबाहेर ठेवण्याचा कित्येक वर्षे प्रयत्न केला. बॉलपेनाने अक्षर बिघडते, हा त्या पिढीतील सर्वच शिक्षकांचा सिद्धांत होता. ह्या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट कोणी न सांगता बदलत गेली: लेखणी किती जाड असावी हे ठरविण्याचा अधिकार लिहिणाऱ्याच्या मुठीकडून निघून कारखान्याकडे गेला.

तेव्हा आम्ही साहित्याचा संच मागविला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी घेऊन आलो. त्यातील कडी मोजली. ती सव्वाआठ मिलिमीटरची भरली. म्हणजे विधिपूर्वक सर्व करून अखेरीस हाती येणार ती बाजारच्या बॉलपेनाएवढीच बारीक लेखणी, केवळ लाकडाची! महाविद्यालयात आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितो. तेथे विद्यार्थी 'गाइड' नावाच्या पुस्तकावरून उत्तरे लिहितात आणि आम्हां परीक्षकांस विद्यापीठाकडून आदर्श उत्तराचा नमुना येतो. विद्यार्थी नमुन्यापर्यंत तासत येतो, आम्ही नमुन्याशी ताडून गुण देतो, आणि मध्ये शेक्सपिअर होता की नव्हता ह्याची चौकशी उभयतांपैकी कोणीच करीत नाही. ती कडी तळहातावर घेतली तेव्हा हा व्यवसायबंधू आम्ही तत्काळ ओळखला.

दुसरबीड हे सिंदखेडराजाकडून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर आहे. ह्या रस्त्यावर मालमोटारींची रीघ असे. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला, आणि पुष्कळशी दूरची वाहतूक तिकडे वळली. रस्त्याकाठच्या दुकानदारांस हे सुखाचे झाले नाही. परंतु ज्या मिस्त्रींकडे आमचा लेथचा अभ्यास झाला त्यांस त्यामुळे आम्हांसाठी वेळ मिळाला, हेही खरे. मिस्त्री साठीचे आहेत. पलंगाचे पाय, पाळण्याच्या कांड्या, लाटणी, रव्या आणि पोरांचे भोवरे हे त्यांचे मूळ काम. त्यांच्या वडिलांच्या काळी लेथला वीज नव्हती. एकाने दोरी आळीपाळीने ओढावयाची आणि दुसऱ्याने कातावयाचे. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पटाशी लागावयाची ती पुढच्या फेऱ्यात, मागच्या फेऱ्यात ती किंचित उचलून धरावयाची. निम्मा वेळ असा हात रोखून धरण्यात जाई. आपल्या भाषेत सूत काढणे आणि लाकूड लेथवर घेणे ह्या दोहोंसही 'कातणे' हे एकच क्रियापद आहे, आणि लाकूड कातणारा तो 'कातारी'. त्या दोरीच्या लेथची हकीकत ऐकली म्हणजे ह्या दोन कामांत एकच हात कसा आहे हे ध्यानात येते.

मिस्त्रींनी संच उलगडून पाहिला. कड्यांस त्यांनी ताबडतोब 'मुद्या' हे नाव दिले, आणि ते इतके चपखल आहे की यापुढे आम्हीही तेच वापरणार. एक मुदी बोटात घालून पाहत ते म्हणाले, "सर, नळी आपल्या हातात आहे, टोपी आपल्या हातात आहे. मग मधी ही मुदी काहून पाहिजे?"

प्रश्न साधा होता, आणि त्याचे उत्तर शोधण्यात दोन सुट्ट्या गेल्या.

पहिली गोष्ट अशी, की मुदी हे माप खरे, पण ते स्वतः झिजणारे माप आहे. लाकूड कातून झाल्यावर त्यावर घासकागद फिरवितात. तो लाकडाबरोबर मुदीवरूनही फिरतो. दर लेखणीमागे मुदी किंचित उतरते. आणि उतरलेल्या मुदीपर्यंत कातलेले लाकूड धातूच्या भागापेक्षा बारीक निघते. शिवाय घासलेल्या लोखंडाची काळी भुकटी फिकट लाकडाच्या रंध्रांत जाऊन बसते, ती पुन्हा निघत नाही. दुसरी गोष्ट दांड्याची. सडपातळ दांड्यावर नळ्या व मुद्या ओवून मागून चाकी आवळली, की दांडा सूक्ष्मसा धनुष्यासारखा वाकतो. तो वाकलेला डोळ्यास दिसत नाही. परंतु लाकूड एका अंगास जाड व दुसऱ्या अंगास पातळ उतरते. अशी लेखणी पुरी झाल्यावर सांध्यावरून नख फिरविले तर अर्ध्या भागात पायरी लागते आणि अर्ध्या भागात लागत नाही. मनुष्याचे नख ह्या बाबतीत मोठे चिकित्सक आहे. केसाच्या जाडीहून लहान पायरीही त्यास कळते. तिसरी गोष्ट धातूच्या भागांची. त्यांवर मुलामा असतो, तो कोठे जाड तर कोठे पातळ. मुदी सांगते ते नावाचे माप. प्रत्यक्ष टोपी थोडी निराळी असते.

म्हणून मिस्त्रींची रीत अशी, की दांडाही नको आणि मुदीही नको. लेथच्या दोन अंगांस साठ अंशांची शंक्वाकार पोलादी टोके बसवावी. एक फिरविणारे, दुसरे आधार देणारे. पितळी नळीची दोन तोंडे सरळ ह्या दोन टोकांवर धरावी. मध्ये कोणी मध्यस्थ उरला नाही म्हणजे नळी आपल्याच अक्षाभोवती फिरते. त्यासाठी नळीचे तोंड अगदी काटकोनात घासलेले असावे लागते, नाहीतर टोक एका बाजूस चावते. आणि मागचा दाब हलका हवा, कारण जास्त आवळल्यास पितळेचे तोंड कर्ण्यासारखे फाकते. किती हलका? हा प्रश्न आम्ही विचारला तेव्हा मिस्त्रींनी चाक आमच्या हाती दिले आणि आपण चहा सांगावयास गेले. लाकूड दोन बोटांनी धरून फिरविता यावे पण सैल वाटू नये, असा तो दाब आहे. आता लिहून झाल्यावर हे वाक्य पुरेसे स्पष्ट दिसते, पण त्यावरून कोणास तो साधेल असे आम्हांस वाटत नाही.

आता माप. मिस्त्रींपाशी वाकड्या पायांचा एक जुना लोखंडी कंपास आहे. तो प्रत्यक्ष टोपीवरच बसवावयाचा, पाय टोपीस जेमतेम घासून जातील इतका. आणि मग लेथ थांबवून तोच कंपास लाकडाच्या त्या टोकावर घालून पाहावयाचा. तो अडला तर आणखी कातावयाचे. घसरून उतरला की थांबावयाचे. आकडा मध्ये येतच नाही. आमच्यापाशी शंभरांश मिलिमीटर दाखविणारा नवा कॅलिपर होता. त्याच्याशी आम्ही मिस्त्रींचे काम ताडून पाहिले, आणि तो कॅलिपर पुन्हा पेटीत ठेवला. मिस्त्री लांबी सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच. पण सुताच्या आत त्यांचे माप आकड्यांत नसून 'अजून एक घास', 'अजून अर्धा घास' असे असते. पटाशीने एका वेळी जेवढे लाकूड निघते तो घास.

हात बसण्यास वेळ लागला तो मापापेक्षाही पटाशीच्या धारेस. धार चांगली असेल तर बाभळीची लांबलचक साल सुटते आणि एक अखंड कुजबूज ऐकू येते. धार गेली की भुकटी उडते आणि आवाज खरखरीत होतो. पटाशीची उतरती बाजू आधी लाकडावर नुसती घासत ठेवावयाची, मग मूठ हळूहळू वर उचलावयाची, की धार आपण होऊन लाकडात शिरते. मिस्त्री दुसरे काम करीत पाठमोरे बसलेले असत आणि तेथूनच 'धार' किंवा 'दाब' एवढाच शब्द टाकीत. पन्नाशीनंतर विद्यार्थी होण्यात एक लाभ आहे: शिक्षक थोडे का बोलतो, हे कळते.

मुदी गेल्यावर जे स्वातंत्र्य आले ते मात्र टोकांचे नव्हे. टोकाशी लाकडाने धातूच्या भागास जुळलेच पाहिजे. तेथे टोपीची आज्ञा. परंतु दोन टोकांच्या मध्ये कोणाची आज्ञा? दोन मुद्यांमध्ये सरळ रेषेत कातावे असे कोठेही लिहिलेले नाही. पण दोहों बाजूंस मुद्या डोळ्यांपुढे असल्या की पटाशी आपोआप एकीपासून दुसरीपर्यंत सरळ जाते. मुद्या काढल्यावर प्रथमच हा प्रश्न उघडा पडला, की अण्णांच्या बोटांस नेमकी किती जाडी हवी?

त्यांना विचारून उपयोग नव्हता. 'जेवढी असेल तेवढी' हे त्यांचे उत्तर ठरलेले. तेव्हा कडब्याच्या पेंढीतून ज्वारीचा एक सरळ, सुकलेला धांडा निवडला. कडबाही आता सोयाबीनच्या राज्यात शोधावा लागतो! धांडा बुडाशी जाड असतो आणि शेंड्याकडे निमुळता होत जातो. तो अण्णांच्या हाती दिला आणि लेखणी धरतात तसा धरून बोटे वरखाली सरकवावयास सांगितले. त्यांनी ते निमूटपणे केले. बोटे बुडाकडून शेंड्याकडे सरकत गेली, थोडी मागे आली, आणि एके ठिकाणी थांबली. तेथे त्यांचा अंगठा पूर्वीसारखा वळला. तर्जनीवर जो ताण सदा दिसे तो गेला. आम्ही त्या जागी शाईची खूण केली. दुसऱ्या दिवशी काही न सांगता तोच प्रयोग केला, पुन्हा दुपारी केला, आणि बोटे खुणेपासून दोन बोटांच्या आतच थांबत गेली. सकाळी बोटे अधिक आखडलेली असतात, म्हणून सकाळची खूण बुडाकडे सरके. वही ते सकाळी लिहितात. सकाळची खूण आम्ही कायम केली. ती मोजली तेव्हा साडेतेरा मिलिमीटर भरली. पण मिस्त्रींकडे आम्ही आकडा नेला नाही, धांडाच नेला.

यंत्रयुगाची निंदा करण्याचा येथे हेतू नाही, हे स्पष्ट केलेले बरे. १८४१ साली व्हिटवर्थने इंग्लंडात स्क्रूच्या आट्यांचे एक माप सुचविले, आणि स्वीडनमधल्या बंदुकीच्या कारखान्यात योहान्सन ह्याने १८९६ च्या सुमारास पोलादी मापठोकळ्यांची कल्पना काढली. ह्या दोन गोष्टींवाचून आमच्या विहिरीवरच्या पंपास सुटा बुश बाजारात मिळाला नसता. एका यंत्राचा भाग दुसऱ्या यंत्रास बसावा ह्यासाठी माप माणसाहून वेगळे काढून ठेवावेच लागते. परंतु माणसाच्या हाताचा सुटा भाग बाजारात मिळत नाही. तेथे वस्तूनेच हातास बसले पाहिजे, आणि त्यासाठी माप पुन्हा हाताशी आणावे लागते.

ह्या संदर्भात राजमहेंद्रीच्या रत्नम् ह्यांची आठवण होते. आंध्रातील ह्या कारागिराने एबोनाइटच्या, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराच्या दांड्यांपासून हाताने झरण्या कातल्या. त्यांतील एक त्यांनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत महात्माजींकडे पाठविली. आणि १९३५ च्या जुलैत महात्माजींनी त्यांस पत्र लिहून, आपण ती वापरून पाहिली असून परदेशी झरण्यांस ती चांगला पर्याय आहे असे कळविले. त्या काळी महात्माजींचे आणि ग्रामोद्योग संघाचेही ठिकाण वर्धा, म्हणजे आमच्या विदर्भातलेच. ह्या प्रसंगाचे वर्णन सहसा स्वदेशीच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र पत्रातली 'वापरून पाहिली' ही गोष्ट अधिक मोलाची वाटते. दिवसाकाठी ढीगभर पत्रे लिहिणाऱ्या मनुष्याने अभिप्राय देण्यापूर्वी लेखणी हाताकडून तपासून घेतली.

आमची लेखणी बाभळीची. शेताच्या बांधावरची एक बाभूळ तीन वर्षांपूर्वी वादळात पडली होती. तिच्या गाभ्याचे लाकूड तांबूस, जड आणि चिवट निघाले. मिस्त्रींनी ते पहिल्या सुट्टीत कातू दिले ते केवळ ओबडधोबड, हव्या त्या जाडीहून चांगले दोन सूत जास्त ठेवून. पुढे पावसाळाभर ते तसेच ठेविले. लाकूड ओलाव्याने फुगते व उन्हाने आटते. आणि आटते तेही सर्व बाजूंनी सारखे नव्हे, वलयांच्या दिशेने जास्त आणि त्यांच्या आडव्या दिशेने कमी. म्हणून वैशाखात कातलेले पूर्ण वर्तुळ भाद्रपदात किंचित अंडाकृती झालेले सापडते. मुदीस ऋतू ठाऊक नसतो. तिच्या मते काम वैशाखातच संपले. मिस्त्रींचे लाकूड मात्र एक पावसाळा पाहून, आपले काय वाकडे व्हावयाचे ते होऊन, मग पुन्हा लेथवर येते. ह्या एका कारणासाठी लेखणी वर्षभर लांबली, आणि त्या अवधीत अण्णांच्या वहीची आणखी बरीच पाने कोरी गेली. घाई करावी असे आम्हांस अनेकदा वाटले. मिस्त्रींना तसे सुचविले असता ते एवढेच म्हणाले, की गुरुजींनी आपल्याला पाढे दोन वर्षे घोकायला लावले होते.

दुसऱ्या सुट्टीत शेवटचे कातणे झाले. टोकाशी टोपीच्या मापास आणलेले, तेथून बोटभर अंतरात साडेतेरापर्यंत चढलेले, आणि मागे पुन्हा हळूहळू उतरलेले, असे ते रूप होते. पाळण्याच्या कांडीचे धाकटे भावंडच म्हणा ना. टोकाशी मात्र लाकूड टोपीच्या मापाहून कागदाच्या जाडीएवढे कमी ठेविले, कारण वर लाखेचा थर यावयाचा होता. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरली की घर्षणानेच ती वितळते आणि लाकडास लागते. मग ती सारखी पसरवावयाची. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी करणारे कारागीर ह्यासाठी केवड्याचे पान वापरतात, आणि आपल्या सावंतवाडीची रंगीत खेळणीही लाकूडकामाच्या ह्याच कुळातली. आमच्या मिस्त्रींनी जुन्या धोतराचा तुकडा वापरला. येथेही मुदी नसल्याचा एक गुण दिसला. मुदी असती तर लाख लाकडावरून तिच्यावर ओघळून दोहोंचा सांधा एकजीव झाला असता, आणि मुदी काढताना कडेचा टवका उडाला असता.

लेखणी तयार झाल्यावर मिस्त्रींनी ती स्वतः घरी आणून दिली. अण्णांनी चष्मा लावून सांध्यावरून नख फिरविले. पुन्हा एकदा उलट दिशेने फिरविले. मग विद्यार्थ्याची पाटी तपासून परत करावी तशी मान हलविली. आत बॉलपेनाचीच कांडी आहे हे पाहून त्यांच्या कपाळास आठी पडली, पण ते काही बोलले नाहीत. त्या सकाळी वहीत चार ओळी उमटल्या. अक्षर पूर्वीचे नव्हते. काना अजून थरथरतो, आणि 'क्ष' काढताना हात दोनदा थांबतो. तरी ओळी चार होत्या, आणि तिसऱ्या ओळीत बाभूळ कोणत्या वादळात पडली त्याची तारीख होती; ती आम्हां कोणास आठवत नव्हती.

त्या दिवसापासून वही चालू आहे. अण्णांची एकच तक्रार आहे. त्यांचे लिहिण्याचे मेज उतरते आहे, आणि लेखणी खाली ठेवली की गडगडत जमिनीवर जाते. वाकून ती उचलणे त्यांस जमत नाही, आणि दर वेळी सुनेस हाक मारणे आवडत नाही. एक अंग चपटे करून द्यावे, असे त्यांनी मिस्त्रींना सांगून पाठविले. लेथवर जे निघते ते गोलच. चपटे अंग म्हणजे रंध्याचे आणि कानशीचे काम, आणि ते तळहातास बोचणार नाही अशा जागी आले पाहिजे. म्हणून मिस्त्रींनी लेखणीवर खडूची भुकटी चोळून ती अण्णांच्या हाती दिली, दोन ओळी लिहून घेतल्या, आणि भुकटी कोठे पुसली गेली व कोठे राहिली हे उजेडात धरून पाहिले. जेथे ती राहिली होती तेथे त्यांनी पेन्सिलीने एक रेघ मारली आहे. कानस लावण्यापूर्वी सकाळची एक आणि संध्याकाळची एक अशा आणखी दोन रेघा हव्यात, असे त्यांचे म्हणणे आहे.